हॉर्न वाजत नाही? नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

टू-व्हीलरचा हॉर्न बंद पडला की बरेच जण सरळ दुकानात जाऊन नवीन हॉर्न बसवतात, आणि तोही वाजत नाही, कारण बिघाड हॉर्नमध्ये नव्हताच. खरं तर हॉर्न ही खूप साधी आणि दणकट वस्तू आहे. आत एक कॉइल, एक पातळ पत्र्याचा पडदा आणि एक कॉन्टॅक्ट पॉइंट. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, ओढताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट परत जुळतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, तोच आवाज. म्हणून संशय आधी बॅटरी, फ्यूज, बटन, वायर यांच्यावर घ्यायचा आणि हॉर्नवर सगळ्यात शेवटी.

पहिलं काम, चावी ऑन करून बटन दाबा आणि कोणालातरी हॉर्नपाशी कान लावायला सांगा. अजिबात काहीच आवाज नाही, तर करंटच पोचत नाहीये किंवा कॉइल तुटलीय. नुसतं एकदा "टक्" होतंय, तर करंट पोचतोय पण पडदा जाम आहे नाहीतर पॉइंट चिकटलेत. घोगरा, मेल्यासारखा आवाज येतोय तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा कुठेतरी कार्बन धरलाय.

बॅटरीच्या बाबतीत इथे बरेच जण फसतात. "हेडलाइट तर मस्त लागतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे" असं म्हणतात, पण जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोवर (इंजिन फिरताना वीज तयार करणारा भाग) डायरेक्ट चालतो, बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी किक मारून सुरू होते आणि लाइटही लागतो. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट ही मंडळी बॅटरीवर असतात. त्यामुळे हेडलाइट बघू नका, इंडिकेटर लावून बघा. तोही मंद किंवा बंद असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, त्यावर पांढरी हिरवी पावडर जमलीय का ते बघा. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) असेल तर गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा, पुढचं सगळं नंतर.

मग फ्यूज. बहुतेक बाइकवर बॅटरीजवळच छोट्या डबीत असतो, पातीवाला, लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगरेटच्या पाकिटाची चांदी किंवा वायरचा तुकडा गुंडाळायचा प्रकार करू नका, त्याने फ्यूजच्या जागी अख्खी वायरिंग जळते. आणि नवीन फ्यूज बटन दाबल्याबरोबर परत उडाला तर हॉर्नच्या लाइनला शॉर्ट आहे, फ्यूज बदलत बसू नका, वायर कुठे घासलीय ते शोधा.

फ्यूज ठीक असेल तर हॉर्न डायरेक्ट करून बघा. हॉर्नच्या दोन्ही पिना काढा, फ्यूज लावलेल्या दोन वायरी आधी बॅटरीला जोडा आणि शेवटचा टच हॉर्नपाशी करा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडेल. साध्या हॉर्नला प्लस मायनस उलटं झालं तरी चालतं. एक दोन सेकंद पुरे. खणखणीत वाजला म्हणजे हॉर्न निर्दोष सुटला, पुढचा शोध वायरिंगमध्ये.

आता त्या काढलेल्या पिना परत लावा आणि मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला धरून लाल टोक हॉर्नच्या एकेका पिनला लावा. काही गाड्यांत बटन प्लसच्या बाजूला असतं आणि काहींत अर्थच्या (म्हणजे मायनसच्या) बाजूला, तेव्हा घाई करू नका. बटन दाबल्यावर एका पिनला १२ आणि दुसऱ्याला शून्य यायला पाहिजे. दोन्हीकडे १२ दिसत असेल तर अर्थ तुटलाय किंवा अर्थच्या बाजूचं बटन जुळत नाहीये. दोन्हीकडे शून्य तर प्लसच येत नाही.

पावसाळ्यानंतर सगळ्यात जास्त सापडतो तो दोष बटनाचा. हँडलवरची स्विच असेंब्ली दोन स्क्रूंवर असते, उघडताना स्प्रिंग उडते म्हणून खाली कपडा धरा. आत बारीक पितळी पत्ती असते, ती काळी पडलेली दिसेल. पॉलिश पेपरने हलकेच घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, वाजेल.

बटन पण ठीक आणि हॉर्न कधी वाजतो कधी नाही, तर बटन दाबून धरा आणि हँडल पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवा. एखाद्या ठिकाणी "पॅंप" झालं की समजा वायर हँडलच्या गळ्यापाशी आतून तुटलीय, वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत तांबं तुटलेलं, डोळ्यांना दिसतच नाही. तेवढा भाग सोलून सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा, नुसती पिळून टेप मारलेली टिकत नाही.

"टक्" वाला हॉर्न असेल तर मागे एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. बटन दाबत पाव पाव आटा फिरवा, आवाज उघडला की थांबा. जास्त आवळलात तर करंट वाढून पॉइंट जळतात. आतून गंजाचं पाणी निघत असेल तर मात्र बदलाच, आणि नवीन बसवताना तोंड खाली ठेवा, वॉशिंगवाल्यालाही तिथे प्रेशर मारू नको म्हणून सांगा.

मोठ्या आवाजाचे दोन हॉर्न लावलेत तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच, नाहीतर तो सगळा करंट बारक्या बटनातून जातो आणि पत्ती जळते. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांना, बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० ला, ८७ वरून हॉर्नला, आणि हॉर्नची दुसरी पिन अर्थला. मल्टीटोन (वेगवेगळ्या सुरांचे) किंवा कर्कश हॉर्न नियमात बसत नाहीत, ते लावू नका.

कारमध्ये हॉर्नला बहुतेक वेळा स्वतःचा फ्यूज आणि रिले असतो, बाजूच्या तसल्याच रिलेशी अदलाबदल करून पाच मिनिटांत कळतं. पण हॉर्नबरोबर स्टिअरिंगवरची ऑडिओ बटनं पण गेली आणि एअरबॅगचा दिवा लागला, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरतानाही बटनांची लाइन जोडून ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलीय. तिथे एअरबॅग असते, ते घरी उघडायचं नाही, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडेच द्या.