शेतकरी उत्पादक कंपनी चालवताय? माणसं बाहेर ठेवण्याच्या या चुका टाळा

गेल्या हंगामात जिनिंगवर, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आमच्या कंपनीच्या कापसाचा भाव पडला. ओल जास्त, वरून रुईत प्लास्टिकचे धागे. आम्ही दहा संचालक, दहाही पुरुष. तासभर जिनिंगवाल्याला नावं ठेवली. चहा घेऊन आलेल्या काकू शेवटी बोलल्या, "भाऊ, दव सुकायच्या आंधी वेचाले लावता, अन् भराले खताचे पोते देता. मंग काय होईन?"

वेचणाऱ्या बायांना हे कधीपासूनच माहीत होतं. त्यांना विचारलं नाही, ही आमची पहिली आणि सगळ्यात महाग चूक. केंद्र सरकारचं कापूस महामंडळ (सीसीआय) ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण हमीभाव देतं, पुढे १२ पर्यंत कपात करतं, त्यावर माल घेतच नाही. यंदा दव सुकल्यावरच वेचणी केली आणि कमरेला बांधायला सुती कापड दिलं. पण मजुरी किलोवर. सकाळचे दोन तास गेले की नुकसान बाईचं. म्हणून दरही वाढवला. तो वाढवला नसता तर कोणी ऐकलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

दुसरी चूक : सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाईला शेअर नाकारणं. कंपनी कायद्यात शेतमालाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती 'उत्पादक' आहे. जमीन नावावर हवी असं त्या व्याख्येत नाही. आपल्या नियमावलीत काय अट घातली आहे ते आधी वाचा. संचालक म्हणून बाई घेतली आणि बैठकीला तिचा नवरा येतोय, तर ती जागा रिकामीच समजा.

बैठक रात्री आठला पारावर ठेवू नका. त्या वेळी बाया चुलीपाशी असतात.

यवतमाळकडे कोलाम आदिवासींच्या पोडावरचे (वस्तीवरचे) सभासद बैठकीत गप्प बसतात आणि आपण तो होकार धरतो. एक बैठक पोडावरच घ्या, कोलामी बोलणारा माणूस सोबत न्या. आम्ही गेलो तेव्हा कळलं, तुरीचं बियाणं त्यांच्यापर्यंत पेरणी उलटल्यावर पोहोचत होतं.

गोदामात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे. आणि बायांसाठी संडास बांधा. आमच्याकडे तूर निवडणाऱ्या बाया दुपारीच घरी का जातात, हे आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं.