युरोप स्वस्तात फिरायचाय? मग घोळाचे पैसे आधी बाजूला काढा

युरोपात स्वस्तात कसं फिरायचं विचारलं की सगळे हॉस्टेलच्या आणि स्वस्त फ्लाइटच्या लिंका पाठवतात, पण आठ दिवस ब्रेड-चीज खाऊन वाचवलेले पैसे एका चुकलेल्या ट्रेनमध्ये जातात हे कोणी सांगत नाही. माझे गेलेत म्हणून सांगतेय. त्यामुळे बजेट करतानाच दीडशे-दोनशे युरो वेगळ्या कार्डावर टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. मी त्याला घोळ-फंड म्हणते. घोळ झालाच नाही तर शेवटच्या शहरात त्यातून मस्त जेवायचं.

आधी रूट. पहिल्यांदा जाणारे सगळे पॅरिस, ॲमस्टरडॅम, रोम असं लांबलांबचं धरतात आणि निम्मा खर्च प्रवासातच घालवतात. त्यापेक्षा प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट असा जवळजवळचा पट्टा घ्या. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा ट्रेनने साधारण एक तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास, आणि बस तर बरेचदा ट्रेनहून स्वस्त पडते. फक्त चेकमध्ये, म्हणजे प्रागला, कोरुना आणि हंगेरीत, म्हणजे बुडापेस्टला, फोरिंट हे चलन चालतं, तेव्हा एटीएमने किंवा दुकानातल्या मशिनने "तुमच्या चलनात कापू का" विचारलं की नाही म्हणायचं, तिथलंच चलन निवडायचं, नाहीतर मशीनवाला स्वतःचा रेट लावतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

स्वस्त फ्लाइटचं म्हणाल तर तिकिटाचा आकडा बघून उड्या मारू नका. बॅगेचं माप, ऑनलाइन चेक-इन आणि एअरपोर्ट नेमका कुठे आहे ह्या तीन गोष्टी आधी बघा. पॅरिस-बोवे नावात पॅरिस आहे, पण शहरापासून साधारण ८५ किमी लांब. पहाटे सहाची फ्लाइट असेल तर तिथे पोचायचं कसं हा प्रश्न रात्रीच पडतो, आणि मग टॅक्सी केली की संपलं.

खाण्यात फार डोकं लावायची गरज नाही. किचन असलेलं हॉस्टेल घ्या, तिथे बहुतेक वेळा आधीच्या लोकांनी सोडलेल्या तेल-मीठ-पास्त्याचं एक फुकट कपाट असतं, ते आधी उघडून बघा मग सुपरमार्केटला जा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात (मोठ्या स्टेशनवरची काही उघडी मिळतात), म्हणून शनिवारीच घेऊन ठेवायचं. पोलंडमध्ये 'बार म्लेचनी' अशी पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा, घरगुती जेवण अगदी कमी पैशात. इटलीत कॉफी काउंटरला उभं राहून प्या, बसलात की बऱ्याच ठिकाणी रेट बदलतो. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याचंच असतं. माद्रिदला प्रादो म्युझियम शेवटचे दोन तास फुकट असतं, रांग लागते पण सरकते.

आता घोळ. माझी एकदा रात्रीची फ्लाइट रद्द झाली. ॲपवर मेसेज आला, त्याखाली मोठ्ठं बटण, रिफंड घ्या, आणि मी घाबरून लगेच दाबलं. तीस युरो परत आले आणि दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाला एकशेचाळीस गेले. नंतर कळलं की युरोपियन युनियनच्या २६१/२००४ ह्या नियमाने पैसे परत की दुसरी फ्लाइट हे आपण निवडायचं असतं, आणि दुसरी फ्लाइट निवडली तर तोवरचं जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे एअरलाइनने द्यायचं. रिफंड घेतला की जेवण-हॉटेलच्या खर्चातून त्यांची सुटका. हवामानामुळे रद्द झाली तरी जेवण-हॉटेलचा हक्क जात नाही, फक्त नुकसानभरपाई मिळत नाही. चूक एअरलाइनची असेल आणि तुम्ही तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात. काउंटरवर कोणी नसेल तर स्वतः साधं हॉटेल घ्या, साधं खा, आणि प्रत्येक पावतीचा फोटो काढून नंतर क्लेम करा.

ट्रेन तासभर उशिरा पोचली तर साधारणपणे तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के परत मागता येतात. पण कनेक्शन असेल तर दोन्ही ट्रेन एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिली ट्रेन लेट झाली तर दुसरीचे पैसे तुमचेच बुडतात. इटलीत संपाच्या तारखा बहुतेक आधी जाहीर होतात, आठवडाभर आधी बघून घ्या. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सुटतात, त्यात बसायचं. आणि हो, इटलीच्या रीजनल ट्रेनचं किंवा प्रागच्या ट्रामचं कागदी तिकीट मशिनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो. तिकीट खिशात आहे, शिक्का नाही, तरी दंड. टुरिस्ट आहे वगैरे कोणी ऐकत नाही.

पाकीटमारांची ठिकाणंही ठरलेली आहेत, बार्सिलोनाची मेट्रो, रोमची ६४ नंबर बस, प्रागची २२ नंबर ट्राम. पॅरिसला कोणी सहीसाठी कागद पुढे केला किंवा "तुमची अंगठी पडली" म्हणालं तर न थांबता चालत राहा. दुसरं कार्ड सॅकच्या तळाशी, पासपोर्टचा फोटो ईमेलमध्ये, आणि हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहून बुटात, कारण फोन गेला की पत्तापण जातो. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांकडून रिपोर्ट घ्या, मग आपल्या दूतावासात जा, रिपोर्ट नसेल तर तिथे परत पाठवू शकतात आणि अर्धा दिवस फुकट जातो. दूतावास शनिवार-रविवार बहुधा बंद असतो, तेव्हा शुक्रवारी दुपारी पासपोर्ट गेला तर बाकी सगळं नंतर, आधी हॉस्टेलचे दोन दिवस वाढवून घ्या.