सांगलीत भाड्यानं घर बघताय? आधी रोजचा रस्ता बघा

आतेभावाची बदली झालीय सांगलीला, त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय. कारण नवीन येणारा माणूस हमखास एकच चूक करतो, फ्लॅट बघतो, भाडं विचारतो, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो आणि डिपॉझिट देऊन मोकळा होतो, मग कामावर जायचं कसं हे सामान लावून झाल्यावर बघतो.

पहिली गोष्ट म्हंजे सांगली हे एक गाव धरून चालू नका. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 ला महापालिका झाली, आणि सांगली स्टँड ते मिरज स्टँड नऊ-दहा किलोमीटर आहे. त्यामुळं ऑफिस नेमकं कुठं आहे, सुटी किती वाजता होते आणि घरातलं दुसरं कोण कुठं जातंय, एवढं कागदावर लिहून काढा आणि मगच एजंटला फोन करा.

आमचंच सांगतो. मी कुपवाड एमआयडीसीत, बायको मिरजेत हॉस्पिटलात नर्स. पहिलं घर घेतलं गावभागात, म्हंजे नदीकडच्या जुन्या सांगलीत, का तर सांगली-मिरजेच्या मधल्या विश्रामबागपेक्षा दीड हजारानं स्वस्त मिळालं. मला जाऊन-येऊन 16 किलोमीटर, तिला 20, म्हंजे दोन गाड्या मिळून रोज 36. महिन्याचे 26 दिवस धरले तर साडेनऊशे किलोमीटरच्या जवळ जातं, गाडीनं 45 चं ॲव्हरेज दिलं तरी 20-21 लिटर पेट्रोल, दोन हजार तिथंच गेले. वाचवलेले दीड हजार कुठं गेले मग? आणि पैशाचं एक वेळ सोडा, तिची सेकंड शिफ्ट रात्री सुटायची तेव्हा एवढ्या लांब एकटीनं गाडीवर येणं नको, त्या वेळेला वडाप (सीट भरून जाणारी शेअर गाडी) नसायचं, बस नसायची, मग मी दिवसभर कामावर राबून परत दहा वाजता मिरजेला आणायला जायचो. अकरा महिने असे काढले आम्ही. आता विश्रामबागेत आहोत, भाडं जास्त आहे पण दोघंही वेळेत जेवायला घरात असतो.

म्हणून माझं म्हणणं, घर निवडताना ज्याची वेळ सगळ्यात अवघड आहे त्याच्या बाजूनं निवडा. सकाळी दहाला जाणारा कुठूनही जाईल, पण रात्रपाळीवाला आणि पहाटेची रेल्वे पकडणारा, यांना घर जवळ पाहिजे.

आता कुणी कुठं बघावं ते सांगतो. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत काम असेल तर कुपवाड, अभयनगर, संजयनगर या बाजूला बघा. सरकारी मेडिकल कॉलेजात असाल तर ड्युटी मिरजेच्या सिव्हिलला पण लागते आणि सांगलीच्या पण, त्यामुळं मधलं विश्रामबाग नाहीतर वानलेसवाडी धरा, सांगली-मिरज रोडला लागून असलं म्हंजे बस, वडाप, रिक्षा तिन्ही मिळतात. रोज कोल्हापूरला जाणाऱ्यांनी सरळ मिरज जंक्शनच्या आसपास घ्यावं आणि रेल्वेचा मासिक पास काढावा. किर्लोस्करवाडीला जाणाऱ्यांना सांगली स्टेशन जवळ पडतं. विश्रामबागला पण स्टेशन आहे पण तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तुमची गाडी थांबते का ते आधी बघून घ्या, नाहीतर स्टेशनच्या शेजारी राहून रोज मिरजेला गाडी पकडायला जावं लागेल. वालचंदला किंवा विलिंग्डनला शिकणाऱ्या पोरांना तर विश्रामबागच, चालत कॉलेज गाठता येतं, गाडीचा खर्चच नको.

रस्ता बघायचा तो रविवारी दुपारी बघू नका. घर पसंत पडलं की कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला त्या दारातून गाडी काढा आणि कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन या, संध्याकाळी सुटायच्या वेळेला परत एकदा करा. मधी रेल्वे आडवी येते का, आणि येत असली तर ओलांडायला दुसरा रस्ता आहे का, हे मुद्दाम बघा. चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नव्यानं बांधायला पाडला होता तेव्हा माधवनगर बाजूच्या लोकांनी किती वळसे घातले ते त्यांनाच विचारा, एकाच पुलावर सगळं अवलंबून असलं की असं होतं.

आणि पूर. याच्यावर एजंट एक अक्षर बोलत नाही म्हणून मी जास्त बोलणार. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2021 ला परत आलंच. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागात पाणी सगळ्यात आधी शिरतं, आणखी वाढलं की मारुती चौक, गावभाग. मग आयर्विनवरची वाहतूक बंद होते, म्हंजे ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) बाजूला नोकरी आणि घर सांगलीत असणाऱ्यांचा नेहमीचा रस्ताच तुटला. विश्रामबाग आणि कुपवाडचा बराचसा भाग उंचावर आहे. सांगलीवाडीत भाडं कमी वाटेल, पण मधी नदी आहे हे विसरू नका, पोरांची शाळा सांगलीत असली तर पावसाळ्यात दोनदा विचार करा. नदीकडच्या भागात घ्यायचंच असलं तर वरचा मजला घ्या आणि गाडी उंचावर कुठं लावता येईल ते आधीच ठरवून ठेवा.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं, त्यात एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं लिहून घ्या, लॉक-इन (म्हंजे जेवढे महिने घर सोडताच येत नाही ती अट) असला तर दोन-तीन महिन्यांच्या वर नको. रस्ता जमला नाही तर सुटता आलं पाहिजे.

आणि डिपॉझिट द्यायच्या आधी बिल्डिंगखालच्या किराणा दुकानात जावा, काहीतरी विकत घ्या आणि विचारा, "मामा, 19 ला पाणी हितं कुठवर आलतं?" तो भिंतीला हात लावून दाखवंल.