रांगिटोटोला जाताय? मग आमच्या या चुका टाळा

लेक न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला असते म्हणून डिसेंबरात आम्ही दोघं कोल्हापूरहून तिकडं गेलेलो, तेव्हा एक दिवस रांगिटोटोला जाऊन आलो. शहरासमोरच्या समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट, फेरीनं साधारण २५ मिनिटं, उंची २५९ मीटर. आकडा ऐकून आमचे हे हसले, म्हणाले जोतिबाला चालत जाणारी माणसं आपण, हे काय घेऊन बसलीस. तिथंच गंडलो.

चढ अवघड नाहीच ओ, तासाभरात वर पोचतो, पण बेटावर एक दुकान नाही. पन्हाळ्यावर दमलं की कणीस आहे, झुणका-भाकरी आहे, इथं पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही, आणि दगड इतका भोकाभोकाचा की पडलेला पाऊस सरळ खाली मुरतो, मग झरा-ओढा कुठला असणार. आम्ही दोघांत एक लिटर नेलं, ते अर्ध्यातच संपलं. माणशी दोन लिटर न्याच. आणि तिकडं डिसेंबर म्हणजे उन्हाळा हे विसरून मी पिशवीत स्वेटर भरलेला! काळा दगड तापतो, ऊन तर चटका देणारं, टोपी आणि सनस्क्रीन पाहिजेच.

ह्यांच्या पायात कोल्हापुरी पायताण. आपल्या सह्याद्रीचा दगडपण लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, झिजून माती झालेला. रांगिटोटोचा जेमतेम ६०० वर्षांचा, कडा अजून धारदार, वरच्या टप्प्यात बारीक खडी पायाखालून सटकते. बूटच घाला.

पण बूट स्वच्छ हवेत, आणि ही चूक माझी. माझ्या बुटांच्या तळाला पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराची लाल माती तशीच होती. लेकीनं आम्ही कोल्हापूरहून निघायच्या आधीच न्यूझीलंडच्या विमानतळाच्या फॉर्मवर लिहायला लावली म्हणून बरं, नाहीतर असलं काही न सांगता सापडलं की तिथल्या तिथं ४०० डॉलर दंड. बेटावरचे उंदीर, घुशी वगैरे संपवून २०११ मध्ये ते मोकळं जाहीर केलंय, त्यामुळं एक बी किंवा मुंगीसुद्धा जाऊ नये म्हणून बूट आणि पिशवी झाडून जायचं, खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. आमचं भडंग गाठ मारलेल्या कॅरीबॅगेत होतं, निघायच्या आधी लेकीनं डब्यात ओतलं.

वरून जरा खाली आलं की लाव्हाच्या गुहांकडं फाटा फुटतो. मोबाईलच्या उजेडावर आत शिरलो आणि ह्यांचं डोकं छताला आपटलं. बॅटरी न्या, वाकून चाला.

आणि शेवटची फेरी! राहायची सोय नाही, फेरी कुणासाठी थांबत नाही. वेळा बदलत असतात म्हणून परतीच्या टाइमटेबलचा फोटो आधीच काढा, धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी या. चुकलीच तर खाजगी बोट बोलवावी लागते, आणि तिचा रेट ऐकून आमचे हे पायताण हातात घेऊन पळाले होते.