मूल घेऊन विमानात: शेवटच्या अर्ध्या तासासाठी काहीतरी शिल्लक ठेवा

नुकतंच चालायला लागलेलं मूल विमानात न्यायचं म्हटलं की आईबापांना पहिली धास्ती असते, रडलं तर लोक काय म्हणतील. लोकांचं सोडा. मला धास्ती असते ती कानांची. म्हणून लेकीला घेऊन निघताना मी तयारी उलटीकडून करतो: आधी विमान उतरतानाचा अर्धा तास, मग बाकीचं.

घसा आणि मधला कान जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि बरीचशी आडवी असते. विमान उतरायला लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढतो. तो कानाच्या आत पोचायचा तर नळी उघडायला हवी, आणि ती उघडते गिळल्यावर. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. दीड वर्षाच्या मुलाला ते सांगून काय कळणार? म्हणून स्ट्रॉचा कप, बाटली किंवा अंगावरचं दूध. पट्टे बांधायची सूचना येईपर्यंत थांबू नका, तोवर बरंच खाली आलेलो असतो. इंजिनाचा आवाज मंदावला की मी कप काढतो आणि घोट घोट पाजत राहतो. सगळं एकदम प्यायलं तर पुढे काय देणार? मूल झोपलेलं असेल तर उठवा. जिवावर येतं, कबूल. पण झोपेत गिळणं कमी होतं. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि गुंगी यावी म्हणून सर्दीचं औषध पाजायचा सल्ला देणारे भेटतातच. ऐकू नका. काही मुलं त्यानं उलट जास्तच चेकाळतात.

कपाचीही एक गंमत आहे. उडत्या विमानात केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तितकाच असतो. त्यामुळे बंद कपातली हवा फुगते आणि झाकण उघडताच स्ट्रॉमधून दुधाचा फवारा उडतो. आधी झाकण सैल करून हवा जाऊ द्या, तोंड शेजाऱ्याकडे न करता.

तिकिटाचं थोडक्यात. दोन वर्षांखालचं मूल सहसा मांडीवर चालतं, त्यानंतर स्वतंत्र सीट लागते. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, म्हणून दुसरा वाढदिवस मुक्कामात येत असेल तर परतीची सीट आधीच काढा. परवडत असेल तर दोन वर्षांखालीही वेगळी सीट घ्या. विमानाला जोरात हिसका बसला तर हातांनी मूल धरून ठेवता येत नाही. सीट खिडकीकडची बघा. कडेच्या सीटवर खाण्याची गाडी आणि मुलाची कोपरं यांची गाठ पडते.

मुलांना आधी आत सोडतात, पण त्या सवलतीचा मोह धरू नका. दोघं मोठे असाल तर एकानं सामान घेऊन पुढे जावं, दुसऱ्यानं शेवटची हाक येईपर्यंत मुलाला पळू द्यावं. मी बहुतेकदा एकटाच असतो, तेव्हा सीटखाली मावेल एवढीच पिशवी घेतो आणि रांगेत शेवटी उभा राहतो. डायपर त्याच्या जरा आधी बदला. विमानातल्या प्रत्येक टॉयलेटमध्ये बदलायची फळी असतेच असं नाही.

खेळण्यांचा नियम एकच: जे गडगडतं ते घरी. चेंडू, गोल खडू, चाकाची मोटार, सगळं तीन रांगा पुढे जाऊन बसतं. सोलून पुन्हा चिकटवता येणारे स्टिकर सगळ्यात कामाचे. एकेक गोष्ट काढा, पहिलीचा कंटाळा आल्याशिवाय दुसरी नाही. एक नवीन वस्तू मात्र उतरण्यासाठी राखून ठेवा, कपासोबत.

स्ट्रोलर दारापर्यंत नेता येतो, पण देतानाच विचारून घ्या, परत कुठे मिळणार: विमानाच्या दारात की सामानाच्या पट्ट्यावर. पट्ट्यावर म्हणाले तर कडेवर घ्यायचा झोळणा हाताशी ठेवा.