चिनी रेड वाइन आणि जेवण: या चुका टाळा

वायव्य चीनमधील निंगशिया प्रदेशातील हलान पर्वताच्या पूर्व पायथ्याशी तयार झालेल्या 'जिया बेई लान' या रेड वाइनच्या 2009 सालच्या उत्पादनाला 2011 मध्ये डिकॅन्टर वर्ल्ड वाइन अवॉर्ड्स या ब्रिटिश मासिकाच्या वाइन स्पर्धेत आंतरराष्ट्रीय ट्रॉफी मिळाली, आणि चिनी वाइनकडे जगाचे लक्ष वेधले गेले. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि कॅबर्ने गर्निश्ट या तीन द्राक्षवाणांचे हे मिश्रण आहे. अशी बाटली हाती आली, तर ती वाया जाते ती बहुधा ताटातल्या चुकीच्या पदार्थामुळे.

ग्लासातून हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास आला की वाइन बिघडली असे समजणे ही पहिली चूक. कॅबर्ने गर्निश्ट म्हणजे जनुकीय तपासणीनुसार कार्मेनेर हाच वाण असून हा वास त्याचा उपजत गुण आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला, तरच बाटली परत करावी.

सर्वांत मोठी चूक मात्र 'वाइन चिनी, म्हणून कोणताही चिनी पदार्थ चालेल' असे मानण्याची आहे. सिचुआनच्या माला चवीत लाल मिरचीचा जाळ आणि सिचुआन मिरीची झिणझिण एकत्र येतात; ही मिरी आपल्या कोकण-गोव्यातील तिरफळाच्याच कुळातली असल्याने ती झिणझिण अनेकांना ओळखीची वाटेल. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलमुळे अधिक भडकतो, द्राक्षांच्या साली-बियांतून येणाऱ्या टॅनिन या घटकाचा तुरटपणा त्यात भर घालतो, आणि फळांचा सुगंध पार हरवतो. आपल्याकडील शेजवान सॉसच्या पदार्थांनाही हेच लागू पडते. दक्षिण चीनमधील कॅन्टनी पद्धतीच्या वाफवलेल्या माशाशी बिघाड निराळा होतो: वाइनमधील लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात वाढतो, म्हणून तिथे पांढरी वाइनच घ्यावी.

या वाइनचे खरे सोबती तिच्याच भूमीत सापडतात. निंगशियातील तान जातीच्या मेंढीचे मांस साध्या पाण्यात उकडून, हाताने तोडून खातात; त्यातील चरबी आणि प्रथिने टॅनिनला मऊ करतात, तर वाइनचा आंबटपणा जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढतो. जिरे लावून निखाऱ्यावर भाजलेले मटणही उत्तम जमते, मात्र मिरचीचा हात आखडता ठेवावा. सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस आणि खरपूस सालीचे पेकिंग बदक हे पर्यायही माझ्या मते भरवशाचे आहेत, फक्त बदकाबरोबरचा गोड सॉस बेताने घ्यावा, कारण पदार्थ जास्त गोड असला की वाइन कडवट आणि कोरडी भासते. चिनी जेवणात अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर येतात. सर्वांना पुरणारी एक वाइन शोधण्यापेक्षा मुख्य मांसाच्या पदार्थानुसार ती निवडावी आणि तिखट भाजीच्या वेळी ग्लास बाजूला ठेवावा.

'खोलीच्या तापमानाला द्यावी' ही सूचना मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात शब्दशः पाळू नये. तीस अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात चढतो. वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसवर हवी, म्हणून बाटली वाढण्यापूर्वी तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवावी. वाइन कोवळी आणि फार तुरट लागली, तर रुंद भांड्यात ओतून तासभर हवा लागू द्यावी. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.