साहेबांची मुलगी कुठं दिलीय?
आर्टिकलशिपच्या (सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या) दुसऱ्या वर्षी कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेडच्या ऑडिटला होतो. रिलेटेड पार्टीचं, म्हणजे संचालक आणि त्यांच्या घरच्यांशी कंपनीनं केलेले व्यवहार शोधायचं, काम माझ्याकडं. संचालकांचे एमबीपी-१ (हितसंबंध जाहीर करायचे फॉर्म) घेतले, खरेदीच्या लेजरमध्ये त्यांचं आडनाव शोधलं, सापडलं नाही, 'निरंक' लिहून मोकळा झालो. गेल्या वर्षीच्या फाइलमध्येही निरंकच होतं. (जुनी फाइल बघून नवी भरायला ज्या सिनियरनं शिकवलं, त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.)

दुपारी खोक्यांचा टेम्पो आला. स्टोअरचे काका वॉचमनला म्हणाले, "गेट उघड रे, जावईबापूंचा माल आलाय." कुणाचे जावई, विचारलं तर काका गप्प.

त्या फर्मची बिलं काढली. एप्रिलचं ११, मेचं १२, जूनचं १३. मधला एकही नंबर सुटलेला नाही, म्हणजे गिऱ्हाईक एकच. खोकं ३१ रुपयांना. आधीचा माणूस २६ ला देत होता.

आमच्या सीए सरांनी 'निरंक'वर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "साहेबांची मुलगी कुठं दिलीय?" साहेब म्हणजे कंपनीचे संचालक.

इथं नीट लक्ष द्या. एमबीपी-१ मध्ये संचालक स्वतःचे हितसंबंध सांगतो. नातेवाइकांची यादी वेगळी, लेखी मागावी लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(७७) खालच्या नातेवाइकांच्या यादीत जावई येतो, सून येते, लग्न झालेली मुलगी आणि बहीणही येते. यातल्या जावयाचं आडनाव साहेबांचं कसं असेल? मुलीचंही बहुधा बदललेलं. मेहुणा, साडू त्या यादीत नाहीत; पण मेहुण्याच्या फर्ममध्ये साहेबांची बायको भागीदार असली की फर्म रिलेटेड पार्टी झालीच. भागीदारीपत्र मागा. आडनावावर विसंबलात तर अर्धं घर सुटतं. २००८ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डानं तिच्या अध्यक्षांच्या, म्हणजे राजू, कुटुंबाच्या मेटास कंपन्या घ्यायचं ठरवलं, तिथं इंग्रजी नाव (Maytas) उलटं वाचलं तरी पुरत होतं: Satyam. कुपवाडला एवढं सोपं नसतं.

घाबरू मात्र नका. जावयाकडून माल घेणं गुन्हा नाही. नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाचा व्यवहार असेल तर रिलेटेड पार्टी व्यवहारांसाठीची कलम १८८ ची बोर्डमंजुरीही लागत नाही. हिशोबाच्या टिपांत तो दाखवावा लागतो का, ते मात्र तपासावं लागतं. आमच्याकडं पाच रुपयांच्या फरकामुळं बाजारभाव म्हणायला तोंड नव्हतं.

साहेबांनी यादी दोन दिवसांनी दिली. टाइप केलेली. मुलीचं नाव तेवढं खाली पेनानं लिहिलेलं, सासरच्या आडनावासकट.